पाटाच्या पाण्याचे देणे

गेल्या कोजागिरीला मंडळाचा कार्यक्रम आटोपल्यावर दुधाचे पेले हाती घेऊन आम्ही काही मंडळी अंगणात बसलो होतो. बोलता बोलता विषय शेतीवर आला आणि शेतीवरून पाटाच्या पाण्यावर. आमच्याहून वयाने वडील असलेले एक सभासद, ज्यांच्या शब्दाला या मंडळात मान आहे, म्हणाले, ‘‘पाणी ही देवाची देणगी. तिचे मोल मागणारे सरकार म्हणजे पाणपोईवर बसून पैसे घेणारा माणूस.’’ बहुतेकांनी माना डोलावल्या. वयाचा मान आणि सणाची रात्र, म्हणून आम्ही गप्प बसलो. घरी आल्यावर मात्र ते गप्प बसणे आम्हाला टोचू लागले. राज्य सरकारच्या सेवेतील पस्तीस वर्षांत ज्या प्रश्नाचे कागद आमच्या मेजावरून वारंवार गेले, त्या प्रश्नावर आम्हीच मौन धरावे, हे बरे नव्हे. त्या वडीलधाऱ्यांची क्षमा मागून आमचे म्हणणे येथे मांडतो. ते कटू वाटेल. पण ते सर्वप्रथम आम्हालाच लागू आहे.

आपल्यापैकी बहुतेक घराणी गायकवाडीच्या निमित्ताने इकडे आली. कामरेज हा बडोदे संस्थानाच्या नवसारी प्रांतातील एक महाल. आमचे पणजोबा येथील वहिवाटदाराच्या कचेरीत कारकून म्हणून आले आणि येथलेच झाले. कुणाचे पूर्वज कोकणातून आले, कुणाचे देशावरून, कुणाचे खानदेशातून. १९४९ साली संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, १९६० साली गुजरात वेगळे झाले. आपण मात्र तापीकाठ सोडला नाही. ज्यांच्याकडे थोडीबहुत जमीन राहिली, त्यांचे नशीब पालटले ते १९५० च्या दशकात उभ्या राहिलेल्या काकरापारच्या बंधाऱ्याने आणि पुढे १९७२ मध्ये पुऱ्या झालेल्या उकाई धरणाने. जिथे ज्वारी आणि कापूस पावसाच्या भरवशावर होत, तिथे भात आला आणि उसाचे मळे उभे राहिले. बारडोलीपासून सायणपर्यंत सहकारी साखर कारखान्यांची धुराडी दिसू लागली. आपल्या मुलांची शिक्षणे, घरांवरचे दुसरे मजले, लग्नकार्ये, यांत या पाण्याचा वाटा किती, हे प्रत्येकाने आपल्या मनाला विचारावे.

आता मूळ मुद्दा. पाणी देवाचे आहे, हे आम्हालाही मान्य आहे. पण देवाने ते तापीच्या पात्रात दिले. तुमच्या आमच्या बांधावर नव्हे. पात्रातून बांधापर्यंतचा प्रवास माणसांनी घडवला आहे. त्यासाठी बंधारा लागला, दारे लागली, मुख्य कालवा, शाखा, वितरिका आणि शेवटची चारी लागली. दारांना दर वर्षी तेलपाणी लागते, कालव्यातला गाळ काढावा लागतो, भराव खचला तर तो पुन्हा बांधावा लागतो, रात्री पाळी सोडायला माणूस जागावा लागतो. पाणीपट्टी, इकडच्या भाषेत पियावो, ही पाण्याची किंमत नव्हेच; ती या प्रवासाचे भाडे आहे. पाणपोईचाच दाखला द्यायचा, तर पाणपोईवरही रांजण कुणीतरी विकत आणलेला असतो आणि रोज कुणीतरी भरत असतो. फरक एवढाच, की पाणपोईवर तहानलेला वाटसरू ओंजळभर पितो. आपण मात्र रांजणच घरी नेतो आणि त्यातून पिकवलेला ऊस कारखान्याला विकतो.

‘आपल्या परंपरेत पाण्याला पैसे नव्हते’ असेही त्या रात्री कुणी म्हणाले. हा समज निराधार आहे. ज्या खानदेशातून आपली काही घराणी आली, तिथे पांझरा नदीवर आणि पलीकडे नाशिक जिल्ह्यात मोसमवर फड पद्धती कित्येक शतके नांदली. नदीवर बंधारा, त्यातून पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे फड. कोणत्या फडात कोणते पीक घ्यायचे, हे सर्वांनी मिळून ठरवायचे. पाणी कमी असेल त्या वर्षी कोणते फड भिजवायचे, हेही सर्वांनीच ठरवायचे. पाणी देणारा पाटकरी आणि पीक राखणारा जागल्या यांचा मेहनताना शेतकऱ्यांनी द्यायचा आणि पाट साफ करायला घरटी माणूस पाठवायचा. तिथे पैसा कमी असेल. देणे मात्र चुकत नव्हते. जो पाटाचे देणे देत नाही, त्याचा पाटावर हक्क नाही, हा त्या व्यवस्थेचा पाया होता.

महात्मा फुल्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, त्यात सरकारच्या पाटबंधारे खात्यावर कोरडे ओढले आहेत. मनमानी दर घेता आणि पाणी वेळेवर देण्याची हमी मात्र घेत नाही, असा त्यांचा आक्षेप होता. पण त्यांनी ‘पाणी फुकट द्या’ असे म्हटले नाही. प्रत्येक शेतकऱ्याच्या वाट्याला हिशेबाप्रमाणे तोटी बसवून द्या, म्हणजे गरजेपेक्षा जास्त पाणी कुणाला घेता येणार नाही, असे त्यांनी सुचवले. पाणी मोजून द्यावे, हे आजचे तज्ज्ञ जे सांगतात, ते जोतीरावांनी सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी सांगून ठेवले आहे. १८९० च्या दशकात आपल्या सुरतेच्या पाणीपुरवठ्यासाठी काम केलेल्या विश्वेश्वरय्यांनी पुढे दख्खनच्या कालव्यांसाठी ब्लॉक पद्धत आखली, तीही थोडक्यांनी सगळे पाणी ओढून नेऊ नये म्हणूनच.

मग बिघडले केव्हा? इंग्रजांच्या राज्यात कालव्याने आपला खर्च आणि व्याज भागवावे, असा दंडक होता. दुष्काळी मुलखातील संरक्षक कामे तेवढी त्यातून वगळलेली. त्या दंडकात माणुसकी कमी आणि सावकारी जास्त होती, हे आम्ही नाकारत नाही. स्वातंत्र्यानंतर तो दंडक सैल करणे योग्यच होते. १९६४ मध्ये निजलिंगप्पा समितीच्या शिफारशीनंतर आर्थिक परताव्याऐवजी समाजाला होणारा लाभ आणि येणारा खर्च यांचे गुणोत्तर पाहण्याची रीत रूढ झाली. धरण बांधावे की नाही, हे ठरवायला हा निकष चांगला. पण बांधलेले धरण चालवायचे कशावर, या प्रश्नाचे उत्तर त्यात नव्हते, आणि ते कुणी शोधलेही नाही. १९७२ च्या सिंचन आयोगाने सुचवले, की पाणीपट्टी अन्नधान्याच्या पिकांसाठी एकूण उत्पन्नाच्या ५ टक्के आणि नगदी पिकांसाठी १२ टक्क्यांपर्यंत असावी. १९९२ मध्ये वैद्यनाथन समितीने पुन्हा बजावले, की निदान देखभालीचा आणि चालवण्याचा सगळा खर्च तरी पट्टीतून निघालाच पाहिजे, आणि हळूहळू मोजून पाणी देण्याकडे वळले पाहिजे. १९८७, २००२ आणि २०१२ अशी तीन राष्ट्रीय जलधोरणे झाली. अहवाल कपाटात गेले आणि दर मंत्रिमंडळाच्या मर्जीवर राहिले. निवडणूक जवळ आली, की थकबाकीवरच्या व्याजाला माफी. निवडणूक सरली, की पुढच्या माफीची वाट.

याचा परिणाम कालव्यावर काय होतो, ते पाहावे. दर कमी, त्यातून वसुली अपुरी, आणि जे वसूल होते ते राज्याच्या तिजोरीत जमा होते, कालव्याकडे परत येत नाही. खात्याला जे अनुदान मिळते, त्याचा मोठा भाग पगारांवर जातो. दुरुस्तीला उरते ते तुटपुंजे. मग दारे गळतात, चाऱ्यांत गवत माजते, पाणी शेवटापर्यंत पोचत नाही. ज्याला पाणी पोचले नाही तो म्हणतो, ‘‘मी पट्टी का भरू?’’ त्याचे बरोबरच आहे. आणि ज्याला भरपूर पोचले तोही म्हणतो, ‘‘तो भरत नाही, मग मीच का?’’ असे हे रहाटगाडगे फिरत राहते. फुकटेपणाचा लाभ शिरोभागाच्या शेतकऱ्याला आणि भुर्दंड पुच्छभागाच्या शेतकऱ्याला. सरकार नावाच्या दूरस्थ धन्याचे आपण काही बुडवतो, असा समज करून घेणे सोयीचे आहे. प्रत्यक्षात आपण आपल्याच चारीवरच्या शेवटच्या खातेदाराचे बुडवत असतो.

शिवाय पट्टी ठरते ती एकर-हेक्टरावर आणि पिकावर. पाण्याच्या मापावर नव्हे. एकदा उसाची पट्टी ठरली, की दहा पाळ्या मोजून-मापून घेतल्या काय आणि रात्रभर दार उघडे टाकून झोपलो काय, खिशाला सारखेच. मग माणूस झोपणारच. आमच्याच जमिनीची गोष्ट सांगतो. वडिलांच्या काळात आमच्या चार एकरांच्या तुकड्यात उसाला हवे तेवढे पाणी दिले जाई. ‘पाणी आहे तोवर घ्यावे’ हा घरातला मंत्र होता. पंचवीस वर्षांनी खालच्या बाजूच्या एक एकरात जमीन ओलीच राहू लागली. भूजल वर चढले की जमिनीतले क्षार त्याच्यासोबत वर येतात, पाणी उडून जाते आणि क्षार पृष्ठभागावर राहतात. हे आम्ही पुस्तकात वाचले होते, आता बांधावर पाहिले. उन्हाळ्यात तिथे पांढरी खपली धरते. उकाई-काकरापारच्या लाभक्षेत्रात पाणथळ आणि खारवट झालेल्या जमिनींचा प्रश्न नवसारी कृषी विद्यापीठाचे संशोधक वर्षानुवर्षे मांडत आले आहेत. जमिनीखालून निचऱ्याच्या नळ्या टाकणे हा त्यावरचा उपाय, आणि तो महाग आहे. म्हणजे जे पाणी आम्ही स्वस्तात जास्त घेतले, त्याची किंमत अखेर जमिनीने मोजली. त्याच वेळी ओलपाडकडच्या टोकाच्या गावांतून पाळी पोचत नसल्याची ओरड ऐकू येत होती. जे पाणी आमचे शेत बुडवत होते, तेच तिकडच्या शेताला हवे होते.

दुसरी कबुली नोकरीतली. पाटाचे पाणी घ्यायचे तर सात नंबरचा अर्ज भरायचा, हा नियम आपल्या दोन्ही राज्यांत जुना. आम्ही एका कचेरीत असताना थकबाकीच्या याद्या आमच्यापुढे येत. पाणीपट्टीची बाकी जमीन महसुलाप्रमाणे वसूल करता येते, हा कायदा आम्हाला पाठ होता. यादीतली लहान नावे आम्ही बोलावून घेत असू. मोठी नावे ‘पुढील कार्यवाहीसाठी’ बाजूला ठेवली जात. पाणी घेऊनही अर्जच न भरणाऱ्यांची नावे तर यादीत येतच नसत. ते सर्वांना ठाऊक होते, आम्हालाही. आम्ही टिपण लिहून वर पाठवले नाही. कुणी आम्हाला धमकावले नव्हते. उगाच कशाला, एवढेच कारण होते. आज वसुलीवर उपदेश करताना हे सांगितले नाही, तर तो उपदेश खोटा ठरेल.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप, शेतकरी गरीब आहे, त्याच्यावर बोजा नको. हिशेब मांडू. समजा, एका चारीखाली १०० हेक्टर उसाची जमीन आहे आणि तिच्या वाट्याला येणारा देखभालीचा खर्च वर्षाला २ लाख रुपये आहे. हेक्टरी आले २,००० रुपये. हेक्टरी ७० टन ऊस आणि टनाला ३,००० रुपये धरले, तर उत्पन्न २ लाख १० हजार. बोजा एक टक्क्याहूनही कमी. १९७२ च्या आयोगाने नगदी पिकासाठी १२ टक्क्यांपर्यंत सांगितले होते. आकडे आम्ही समजुतीसाठी घेतले आहेत. प्रत्येकाने आपल्या चारीचे घालून पाहावेत. कालवा नसलेल्या गावात शेजाऱ्याच्या बोअरचे पाणी तासावर विकत घेणारा शेतकरी याच्या कितीतरी पट मोजतो, आणि तो आपल्याहून गरीब असतो.

आणि गरीब कोण, हेही एकदा नीट पाहावे. उकाईच्या जलाशयात सोनगड, उच्छल, निझरकडची आणि नवापूरकडची आदिवासी गावे बुडाली. त्यांच्या जमिनींवर जे पाणी साठले, ते कालव्याने आपल्याकडे आले. जलाशयाच्या काठावर राहून कोरडवाहू शेती करण्याची पाळी त्यांच्यावर आली. दर दिवाळीनंतर धुळे, नंदुरबार आणि डांगमधून कोयता घेऊन मजूर आपल्या उसात येतात, पाचटाच्या खोपीत राहतात. तापी आधी खानदेशातून वाहते आणि मग आपल्याकडे येते. त्याच वाटेने ही माणसेही येतात. त्यांच्या गावात पाणी नाही म्हणून ती येतात. फुकट पाण्याची सवलत यांच्यापैकी कुणाला मिळते? ज्याची जमीन कालव्याखाली, आणि ज्याची जमीन जास्त, त्याला जास्त सवलत. दारिद्र्याच्या नावाने मागितलेली ही खैरात दरिद्री माणसाच्या अंगणात पोचतच नाही. पुरंदरमध्ये विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली, तेव्हा पाणी जमिनीवर नव्हे तर घरातल्या माणसांवर वाटले, उसाला मनाई केली आणि योजनेच्या खर्चाचा पाचवा हिस्सा लाभार्थ्यांकडून घेतला. दुष्काळी भागातल्या माणसांनी तो दिला. आपण सुपीक तापीकाठचे, आणि आपल्याला जड?

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. ‘‘खात्यात पैसा मुरतो. आम्ही भरायचे आणि त्यांनी खायचे का?’’ यावर आम्ही खात्याची वकिली करणार नाही. महाराष्ट्रात ७० हजार कोटींच्या सिंचनखर्चावरून जो गदारोळ झाला आणि नोव्हेंबर २०१२ मध्ये श्वेतपत्रिका काढावी लागली, तो विसरण्याजोगा नाही. फुगलेला आस्थापना-खर्च आणि ठेकेदारांच्या चुका शेतकऱ्याच्या पट्टीत घालणे अन्यायाचे होईल. पण यावरचा उपाय पट्टी बुडवणे हा नव्हे. पट्टीचा पैसा आपल्या नजरेसमोर ठेवणे हा आहे. आणि त्याचा पहिला धडा आपल्याच सुरत जिल्ह्याने घालून दिला. १९७८-७९ च्या सुमारास चोऱ्याशी तालुक्यात, भेस्तानच्या लघुवितरिकेवर, मोहिनी गावच्या शेतकऱ्यांनी पाण्याची सहकारी मंडळी काढली. सरकारकडून मापून पाणी घ्यायचे, सभासदांत वाटायचे आणि वसुली आपणच करायची. साखर कारखाना सहकारावर चालवणाऱ्या जिल्ह्याला चारी सहकारावर चालवणे अशक्य नाही, हे त्या मंडळीने दाखवले.

पुढे नाशिक जिल्ह्यात ओझरला १९९० च्या दशकाच्या आरंभी समाज परिवर्तन केंद्राच्या प्रेरणेने पाणीवापर संस्था निघाल्या आणि यथावकाश वाघाड धरणाचे सगळे लाभक्षेत्र शेतकऱ्यांच्या संस्थांकडे आले. महाराष्ट्राने २००५ मध्ये आणि गुजरातने २००७ मध्ये यासाठी कायदे केले. कायदे झाले; पण कित्येक पियत मंडळ्या कागदावरच राहिल्या, कारण नादुरुस्त चाऱ्या त्यांच्या गळ्यात घालून खाते मोकळे झाले आणि मोठे खातेदार सभांकडे फिरकले नाहीत. त्या मोठ्या खातेदारांत आपली माणसे होती की नव्हती, हे आम्ही विचारत नाही. उत्तर आपल्याला माहीत आहे.

तिसरा आक्षेप भीतीचा आहे. पट्टी मान्य केली, की उद्या पाणी कंपन्यांच्या हाती जाईल. ही भीती आम्हालाही आहे, म्हणूनच आम्ही पट्टीच्या बाजूने बोलतो. महाराष्ट्रात २००५ मध्ये जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा झाला. त्याने चालवण्याचा आणि देखभालीचा पूर्ण खर्च पट्टीतून निघावा, हे तत्त्व स्वीकारले. धरण बांधण्याचा भांडवली खर्च शेतकऱ्यावर लादला नाही. ही मर्यादा आम्हाला मान्य आहे. धरण समाजाने बांधावे, ते चालवण्याचा खर्च वापरणाऱ्याने द्यावा. लहान खातेदाराला आणि टोकाच्या शेतकऱ्याला सूट द्यायची असेल, तर ती सरकारने उघडपणे अंदाजपत्रकातून द्यावी. पण त्याच महाराष्ट्रात २००३ च्या जलधोरणाने उद्योगांना शेतीच्या वर बसवले आणि तो क्रम बदलायला २०११ साल उजाडावे लागले. दरम्यान सिंचनाचे पाणी शहरांकडे आणि कारखान्यांकडे वळवले गेलेच. का? कारण उद्योग आणि नगरपालिका मोजून घेतात आणि मोजून पैसे देतात. ज्याच्या हाती पावती आहे, तो दारात उभा राहून हक्क सांगतो. ज्याने अर्जही भरलेला नाही, तो कोणत्या तोंडाने सांगणार?

आपल्या डोळ्यांसमोरचेच उदाहरण घ्या. सुरत महापालिकेने २०१४ मध्ये बमरोलीला सांडपाणी शुद्ध करण्याचा प्रकल्प सुरू केला. रोज ४ कोटी लिटर क्षमतेचा. ते पाणी पांडेसराच्या कापड-कारखान्यांना मापून विकण्यासाठी तो उभारला. म्हणजे आपल्या जिल्ह्यात गटाराच्या पाण्याला माप आहे, मोल आहे, हिशेब आहे. आणि तापीमाईच्या निर्मळ पाण्याला नाही! कामरेजच्या चौफुलीभोवती शेते बिनशेती होत आहेत, वसाहती उठत आहेत. या वसाहती उद्या पाणी मागतील आणि पैसे मोजतील. त्या दिवशी आपण ‘आमचे पाणी’ म्हणून ओरडू, तेव्हा आपल्या हाती गेल्या दहा वर्षांच्या पावत्या असाव्यात, एवढीच आमची दूरदृष्टी.

वडीलधारे सभासद हे वाचतील, याची आम्हाला कल्पना आहे. त्यांना आमची नम्र विनंती आहे, की देवाच्या देणगीचा मान आपण दोघेही ठेवू इच्छितो. पण जी देणगी एकाच्या शेतात साचून खारते आणि दुसऱ्याच्या बांधापर्यंत पोचत नाही, तिचा मान फुकटेपणाने राहत नाही.

येत्या रब्बीपासून आम्ही सात नंबरचा अर्ज स्वतः भरणार आहोत, मुलावर सोडणार नाही. घरच्या बाकीचा आकडा काढायला सांगितला आहे. तो आला की व्याजमाफीची वाट न पाहता भरू. गावची पियत मंडळी कागदावर आहे. तिच्या पुढच्या सभेला जाऊन, चारीवर माप बसवावे आणि गोळा झालेल्या पट्टीचा फलक ग्रामपंचायतीबाहेर लागावा, असा ठराव मांडू. ठराव मांडणाऱ्याला अनुमोदक लागतो. या मंडळातील ज्यांची शेते आमच्या चारीवर आहेत, त्यांनी त्या सभेला यावे.